ब्रेक सुटला पाहिजे : उद्यमनगरातल्या एका अंगठा-ब्रेकचं प्रकरण

चौथ्या फेरीला गाडी जड व्हायला लागली. भाच्यानं थ्रॉटल वाढवला, इंजिन ओरडलं, पण गाडी पुढं सरकेना. कागलच्या बाजूला ऊस तुटून गेलेल्या एका रानात जेसीबीनं मातीचे उंचवटे पाडून आम्ही ट्रॅक केला होता. त्याच्या कडेला त्यानं गाडी घेतली, तेव्हा मागची डिस्क निळी पडली होती आणि पॅडचा जळका वास बांधापर्यंत येत होता. पेडलवर पाय नव्हता, नव्या लिव्हरवर अंगठा नव्हता. ब्रेक आपोआप लागला होता आणि सुटत नव्हता.

मिस्त्री खाली बसले, चाक हातानं फिरवून बघितलं, फिरेना. मग त्यांनी कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाचा, हवा काढायचा स्क्रू पान्यानं अर्धा आटा ढिला केला. गरम ब्रेक ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे नळीत दाब अडकून बसला होता. कुठं आणि का, हे शोधण्यात पुढचे पाच आठवडे गेले.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्रॉइंगचं जॉबवर्क करतो. या यंत्राची तिन्ही रूपं माझ्या कॉम्प्युटरवर काढली गेली आणि पहिल्या दोन रूपांतल्या चुकांत माझा वाटा मोठा आहे. मिस्त्री आणि भाचा, दोघांची नावं इथं देत नाही. मिस्त्रींचं लेथ, मिलिंग आणि एक जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग यंत्र) असलेलं छोटं वर्कशॉप आहे. चाळीस वर्षं ते हायड्रॉलिक सिलिंडर आणि त्यांना तेलाचा दाब पुरवणारे पॉवर पॅक दुरुस्त करत आलेत. भाचा त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, मातीवरच्या शर्यती करणारा. ज्या गावात म्हादबा मेस्त्री या जुन्या काळच्या नामवंत कारागिराचं नाव आजही लेथवर काम करणारा माणूस आदरानं घेतो, त्या गावात हातानं नवं काही करून बघणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नाही. उलट शेजारचा माणूस आपलं काम टाकून बघायला येतो. या प्रकरणात तसे बरेच जण आले.

घोटा

भाच्याचा उजवा घोटा दोन वर्षांपूर्वी एका उडीनंतर मोडला. हाड जुळलं, पण पाऊल खाली दाबण्याची ताकद आणि अंदाज पूर्वीसारखा राहिला नाही. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. डाव्या पायाला गिअर, डाव्या हाताला क्लच, उजव्या हाताला थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक. रस्त्यावर चालवणाऱ्याला मागचा ब्रेक थोडा कमी-जास्त लागला तरी निभतं. मातीवर निभत नाही.

मातीवर पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की पुढचं चाक घसरतं आणि माणूस क्षणात खाली असतो, म्हणून गाडी सावरायचं बरंच काम मागच्या ब्रेककडे येतं. उजवं वळण घेताना उजवा पाय पेडलवरून काढून पुढं टाकावा लागतो, म्हणजे नेमकं गरज असते तेव्हा मागच्या ब्रेकवर पायच नसतो. धडधाकट घोट्याच्या स्वारालाही ही अडचण आहे. तिसरी गोष्ट हवेतली. गाडी उडीवर असताना मागचं चाक जोरात फिरत असतं. त्या वेळी मागचा ब्रेक टेकवला तर चाकाचं फिरणं गाडीच्या अंगात उतरतं आणि गाडीचं नाक खाली येतं. थ्रॉटल दिला तर उलट, नाक वर जातं. चांगला स्वार या दोन गोष्टींनी हवेत गाडी सरळ करतो. भाच्याचा पाय त्या अर्ध्या सेकंदात पेडल शोधायचा आणि सापडेपर्यंत गाडी जमिनीला लागलेली असायची.

"मामा, मागचा ब्रेक हातात आणून द्या की," असं तो एका संध्याकाळी म्हणाला. मिस्त्रींनी लेथ बंद केलं. "क्लच कुठं ठेवणार मग?" भाच्यानं डाव्या हाताचा अंगठा वर करून दाखवला.

ही कल्पना आमची नाही, हे मी पहिल्याच दिवशी मिस्त्रींना सांगितलं. ऑस्ट्रेलियाचा मिक डूहान 1992 साली नेदरलँड्समधल्या आसेनच्या ट्रॅकवर पडला आणि त्याचा उजवा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. पाय वाचला, पण घोटा गेला. मग त्याच्या होंडाला डाव्या हँडलवर अंगठ्यानं दाबायचा मागचा ब्रेक बसवला गेला. 1994 ते 1998 अशी सलग पाच वर्षं तो 500 सीसी गटाचा जगज्जेता राहिला. मिस्त्रींनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पायाचा ब्रेक ठेवला होता का काढला होता?" मला तेव्हा हा प्रश्न बारीकसारीक वाटला. पुढचं सगळं प्रकरण याच प्रश्नाभोवती फिरलं. भाच्याला दोन्ही हवे होते. सरळ उतारावर उभा राहून पाय, उजव्या वळणात आणि हवेत अंगठा. कॅलिपर एक, मालक दोन.

तेलाचा डोंगर

पहिली जोडणी मी काढली आणि ती चूक होती. पायाच्या मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे ब्रेक दाबला की ऑइल पुढं ढकलणाऱ्या सिलिंडरमधून, येणाऱ्या नळीत एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकली आणि हँडलवरचं छोटं मास्टर सिलिंडर तिला जोडलं. पायाच्या सिलिंडरचा व्यास 12.7 मिमी होता, वरचं आम्ही 9.5 मिमीचं घेतलं. अंगठ्याला पायाइतका जोर नसतो. लहान व्यासाच्या पिस्टनवर तेवढाच जोर लावला तर दाब जास्त मिळतो, इथं जवळपास पावणेदोन पट. त्याची किंमत अशी, की तेवढंच तेल ढकलायला अंगठ्याला पावणेदोन पट लांब सरकावं लागतं.

टी टेबलावरच हरली. भाच्यानं वर अंगठा दाबला आणि खाली पायाच्या ब्रेकच्या उघड्या टाकीतून ब्रेक ऑइलचं बारीक कारंजं उडालं. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण मागं आलेला असताना टाकी आणि नळी यांना जोडणारं एक सुईएवढं भोक उघडं असतं. ब्रेक सोडला की तेल त्या भोकातून टाकीत परततं, ऑइल तापून फुगलं की जादा ऑइल तिथूनच बाहेर पडतं. अंगठ्याच्या दाबाला कॅलिपरकडे जाण्यापेक्षा त्या भोकातून टाकीत जाणं सोपं होतं. ऑइल गाडीच्या फ्रेमवर पडलं आणि पुसेपर्यंत रंग सुटला. ब्रेक ऑइलनं रंग जातो हे गॅरेजमधल्या पोरालाही माहीत असतं, पण घाईत कुणाला फडकं सापडत नाही.

दुसरा मार्ग रॅलीच्या मोटारींमधला. तिथं हँडब्रेकचं सिलिंडर पायाच्या ब्रेकच्या नळीतच मध्ये बसवतात, पायाचा दाब त्याच्या पोटातून पुढं जातो. ड्रॉइंग तयार झालं. मिस्त्रींनी ते बघून बाजूला ठेवलं. मोटारसायकल पडली की जमिनीला आधी हँडलचं टोक लागतं. वरचं सिलिंडर फुटलं तर पायाचाही ब्रेक गेला. "वरचं मोडलं तर खालचं चाललं पाहिजे," एवढंच ते म्हणाले आणि मला ते पटलं.

म्हणून तिसरा मार्ग, जो मिस्त्रींच्या रोजच्या कामातला होता, शटल व्हॉल्व्ह. एका छोट्या ठोकळ्यात दोन बाजूंनी दोन नळ्या येतात, मध्ये एक स्टीलची गोळी, आणि वरून एक वाट कॅलिपरकडे. ज्या बाजूनं दाब जास्त, ती बाजू गोळीला ढकलून दुसऱ्या बाजूचं तोंड बंद करते. पॉवर पॅकमध्ये असे व्हॉल्व्ह मिस्त्रींनी शेकड्यांनी उघडून बंद केलेत. ठोकळा त्यांनी 6082 ॲल्युमिनियमच्या बारमधून स्वतः काढला. गोळी बसायची कड त्यांनी हातानं घासून इतकी बारीक जुळवली होती की टेबलावर एक थेंबही गळला नाही. अंगठा दाबा, चाक थांबतंय. पाय दाबा, चाक थांबतंय. सोडा, चाक फिरतंय. आम्ही तिघांनी चहा मागवला.

आणि मग कागलच्या रानात ती चौथी फेरी.

पहिला संशय रबरावर गेला आणि तो खराही निघाला. व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात मिस्त्रींनी हायड्रॉलिकच्या खणातली नायट्रिल रबराची ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रिंग) टाकली होती, सवयीनं. हायड्रॉलिकच्या खनिज तेलात नायट्रिल उत्तम चालतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं. त्यात नायट्रिल फुगतं, तिथं ईपीडीएम रबरच लागतं. ठोकळा उघडला तर रिंगा खरोखर फुगून खाचेबाहेर आल्या होत्या. मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती असं म्हणत राहिले. रिंगा बदलल्या, ऑइल पूर्ण काढून नवं डॉट 4 भरलं, हवा काढली.

पुढच्या रविवारी चौथ्या फेरीला गाडी पुन्हा जड झाली.

प्रकरणातली ही सगळ्यात अवघड वेळ. एक चूक सापडून सुधारली की आपण मोकळे झालो असं मन धरून बसतं. दुसरी चूक असेल हे मानायला ते तयार नसतं. भाच्याला वाटलं कॅलिपरचा पिस्टन अडकतोय. मला वाटलं अंगठ्याच्या लिव्हरला मोकळा खेळ कमी आहे, त्यामुळं वरचा पिस्टन पूर्ण मागं येत नाही आणि ते सुईएवढं भोक झाकलेलंच राहतं. दोन्ही तपासलं. पिस्टन बोटानं ढकलला की जात होता. लिव्हरला दीड मिलिमीटर खेळ होता.

मग मिस्त्रींनी सांगितलं, चौथी फेरी करूच नको, दोन फेऱ्या कर आणि थांब. भाचा थांबला. खालच्या टाकीची पातळी खुणेपेक्षा उतरली होती. सगळ्यांना वाटलं, गळती. मिस्त्रींनी प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून सुतळीनं बांधला आणि आणखी एक फेरी मारायला लावली. कागद कोरडे. ऑइल बाहेर गेलं नव्हतं, तरी खाली कमी झालं होतं. तेव्हा भाच्यानं सहज हँडलवरच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाखालचा रबरी पडदा फुगून झाकणाला चिकटला होता आणि तो उचलताच ऑइल काठावरून त्याच्या हातमोज्यावर आलं.

ऑइल खालून वर चढत होतं. पेडलजवळच्या टाकीतून हँडलवरच्या टाकीत, हातभर उंच.

त्या रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा कोडं सुटलं. उजव्या वळणाकडं येताना भाचा पायानं ब्रेक लावायचा. वळण जवळ आलं की पाय काढून पुढं टाकायचा आणि त्याच वेळी अंगठा दाबायचा, मधे ब्रेक सुटू न देता. म्हणजे पायानं ढकललेलं ऑइल कॅलिपरमध्ये असतानाच अंगठ्याचा दाब वरचढ व्हायचा आणि गोळी पायाचं तोंड बंद करायची. वळणातून बाहेर पडताना भाचा अंगठा सोडायचा. पायाचं ते ऑइल आता परत जाणार कुठं? पायाचं तोंड बंद, अंगठ्याचं उघडं. ते वरच्या टाकीत जायचं. पायाचं सिलिंडर आपली कमी आपल्या टाकीतून भरून घ्यायचं. 12.7 मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ 127 चौरस मिमी, तो 3 मिमी सरकला तर 381 घन मिमी, म्हणजे एका उजव्या वळणाला साधारण 0.4 मिली. ट्रॅकवर उजवी वळणं पाच. तीन फेऱ्यांत पंधरा वळणं, पावणेसहा मिली. वरच्या छोट्या टाकीत पडद्याखाली जेवढी जागा होती, तेवढी चौथ्या फेरीपर्यंत भरायची. मग परतणाऱ्या ऑइलला जागाच उरायची नाही. नळीत दाब, पॅड डिस्कला, डिस्क गरम, ऑइल फुगलं, आणखी दाब.

टेबलावर हे कधीच दिसलं नसतं, कारण टेबलावर आम्ही एका वेळी एकच ब्रेक लावून बघत होतो. पायावरून अंगठ्यावर ब्रेक सोपवला जातो तो क्षण आम्ही तपासलाच नव्हता. आणखी काही फेऱ्या झाल्या असत्या तर खालची टाकी रिकामी होऊन पायाच्या नळीत हवा गेली असती आणि एखाद्या उतारावर पेडल दाबल्यावर काहीच लागलं नसतं. त्या दिवशी डिस्क निळी पडली आणि आम्हाला आधीच कळलं, याबद्दल मला आजही मनापासून बरं वाटतं.

वायर

दोन्ही टाक्या एका नळीनं जोडल्या तर? मग वरचं सगळं ऑइल उताराला लागून खाली येणार. खालची टाकी काढून एकच टाकी वर ठेवली तर? हँडल मोडलं की दोन्ही ब्रेक गेले, म्हणजे पुन्हा मिस्त्रींच्या पहिल्या अटीशी आलो. मी तरीही तीन दिवस आणखी एका व्हॉल्व्हची ड्रॉइंगं करत होतो.

चौथ्या दिवशी मिस्त्री वर्कशॉपच्या दारात उभे राहून कुणाच्या तरी स्कूटरच्या पुढच्या भागाकडं बघत होते. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला, त्यामुळं आता बहुतेक स्कूटरना डावा लिव्हर ओढला की दोन्ही ब्रेक लागतात. तिथं एका छोट्या पट्टीवरून दोन वायरी सुटतात. मिस्त्री आत आले आणि म्हणाले, "वरचं तेल काढून टाकूया. अंगठ्याला तेल कशाला पाहिजे? वायर दे त्याला."

म्हणजे मास्टर सिलिंडर एकच, पायाचंच. अंगठ्याच्या लिव्हरमधून एक वायर खाली येते आणि पायाच्या पेडलचा दांडा ओढते. ऑइलला एकच वाट, एकच टाकी. ऑइल चढायला डोंगरच उरला नाही.

हे आधी का सुचलं नाही, याचं उत्तर सरळ आहे. आम्हाला तिघांनाही हायड्रॉलिक हे मोठं आणि वायर हे लहान वाटत होतं. मला तर जास्तच, कारण ड्रॉइंगमध्ये शटल व्हॉल्व्ह छान दिसत होता.

हिशेब असा बसला. अंगठा 30 मिमी सरकला की वायर 6 मिमी सरकते आणि मास्टर सिलिंडरचा दांडा 4 मिमी. चाक जागेवर लॉक करायला हे पुरत नाही, पण अंगठ्याचं काम ते नाहीच. वळणात मागचं टोक बसतं करणं आणि हवेत नाक खाली आणणं एवढंच त्याला करायचं आहे, आणि त्याला हे पुरून उरतं.

अंगठ्याच्या लिव्हरचा आकार मिस्त्रींनी कागदावर काढूच दिला नाही. भाच्याला हातमोजे घालून हँडल पकडायला लावलं, क्लचवर एक बोट ठेवायला लावलं आणि पकडीशेजारी एम-सीलचा गोळा लावून त्यात अंगठा दाबायला सांगितला. उडीवरून खाली येताना अंगठा पकडीभोवती असला नाही तर हात सुटतो, म्हणून अंगठ्याचं मूळ पकडीवरच राहील आणि फक्त वरचं पेर लिव्हरवर जाईल असा तो ठसा घ्यायचा होता. अकरा ठसे झाले. अकराव्याला भाचा डोळे मिटून म्हणाला, "हे. हे राहू दे." तो वाळलेला ठसा अजून माझ्या टेबलावर आहे, पेराच्या घड्यांसकट. त्यावरून लिव्हर मिलिंगवर कोरला आणि टोक गोल ठेवलं, कारण एफआयएम या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हँडलवरच्या लिव्हरचं टोक किमान 16 मिमी व्यासाच्या गोळ्याचं लागतं. पडल्यावर टोकदार लिव्हर अंगात घुसू नये म्हणून तो नियम आहे.

आता वायरचे दुर्गुण. पायानं पेडल दाबलं तर वायर ढिली होऊन अंगठ्याचा लिव्हर लुळा पडू नये, आणि अंगठा दाबला तर पायाला अडथळा नको. त्यासाठी वायर थेट दांड्याला न जोडता मध्ये एक लांबट खाच असलेली कडी घातली. अंगठा ओढतो तेव्हा कडी दांड्याला घेऊन येते, पाय दाबतो तेव्हा दांडा खाचेत मोकळा सरकतो. वरचं सगळं तुटून पडलं तरी पायाचा ब्रेक होता तसा राहतो.

पण वायर ओढलेल्या अवस्थेतच अडकली तर? चिखल, वाकलेलं कव्हर, तुटलेला तंतू, काहीही. मग ब्रेक लागलेला राहणार, म्हणजे आम्ही पुन्हा निळ्या डिस्कपाशी. या प्रश्नाचं मिस्त्रींनी काढलेलं उत्तर हाच माझ्या मते या प्रकरणातला खरा शोध आहे. कडी आणि वायर यांना जोडणारी पिन त्यांनी स्टीलची न करता 2 मिमीच्या मऊ ॲल्युमिनियमची केली, दोन कानांमध्ये धरलेली. वायर अडकून ब्रेक लागून राहिला तर पेडल खाली गेलेलं असतं. स्वारानं बुटाचं नाक पेडलखाली घालून ते वर उचकायचं. पिन तुटते, वायर सुटते, पेडलची स्प्रिंग दांडा मागं घेते, ब्रेक मोकळा. पायाचा ब्रेक शाबूत.

पिन अंगठ्यानं तुटता कामा नये आणि पायानं तुटलीच पाहिजे. स्प्रिंग काट्यावर भाच्यानं अंगठ्यानं जीव काढून दाबलं तर लिव्हरवर 6 किलोच्या आसपास जोर येत होता. वायरवर तो पाचपट, म्हणजे 30 किलो. बुटाच्या नाकानं 15 किलोनं उचकलं तर पिनच्या जागी तो तिपटीहून जास्त होऊन 50 किलोपर्यंत जातो. म्हणजे पिन या दोन आकड्यांच्या मधोमध तुटली पाहिजे. मिस्त्रींनी छताच्या लोखंडी पाइपला कडी टांगली, खाली बादली, आणि बादलीत डबा डबा वाळू ओतायला सुरुवात केली. ब्रासच्या पिना, नायलॉनच्या, दोन जातींच्या ॲल्युमिनियमच्या. एक पिन पंचविसालाच गेली, एक साठ झाले तरी जाईना. मऊ ॲल्युमिनियमची पिन चाळिशीच्या आसपास तुटायची आणि तशीच्या तशी दुसरी केली तरी तिथंच तुटायची. वीस पिना तोडल्यावर मिस्त्रींनी बादली उतरवली. सारखा ताण बसून मऊ पिन थकते, म्हणून प्रत्येक शर्यतीआधी नवी घालायची, हेही त्याच दिवशी ठरलं.

कागद

भाच्याला एप्रिलमध्येच याची रील टाकायची होती. मी हात जोडून थांबवलं. पेटंटच्या कायद्यात अर्जाच्या आधी जगाला दाखवलेली गोष्ट नवी राहत नाही. 1970 च्या आपल्या पेटंट कायद्याचं कलम 32 इतकी सवलत देतं, की शोधाच्या स्वरूपामुळं चाचणी चारचौघांत घेणं भाग असेल तर अर्जाआधीच्या एका वर्षात तशी वाजवी चाचणी घेतल्यानं हक्क जात नाही. रानातल्या आमच्या फेऱ्या त्यात बसतात. रील ही चाचणी नव्हे.

पेटंट एजंटकडं गेलो तेव्हा मिस्त्रींना वाटत होतं की अंगठ्याचा ब्रेक आपला आहे. एजंटनं शांतपणे सांगितलं की तो जुना आहे, आणि कलम 3 (फ) प्रमाणं ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम वेगळं करत राहिली तर तो शोध धरला जात नाही. मिस्त्रींचा चेहरा उतरला. मग एजंटनं विचारलं, "ती पिन का घातलीत?" मिस्त्रींनी टेबलावरची पेन आणि रबर घेऊन सगळं करून दाखवलं. एजंटनं मान हलवली. खाच आणि पिन मिळून जे करतात ते दोन्ही सुटे करू शकत नाहीत, त्यावर अर्ज होतो. दावा लहान झाला, पण तो त्यांचा स्वतःचा झाला. 1600 रुपये भरून तात्पुरतं विवरणपत्र मे महिन्यात मुंबई कार्यालयाकडं ऑनलाइन दाखल केलं. पूर्ण विवरण त्यानंतर 12 महिन्यांत द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण वाचून कुणीतरी आपल्या रोजच्या गाडीला असं काही लावायला जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीनं दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. हे यंत्र शर्यतीच्या गाडीसाठी आहे, आणि तिथंही स्क्रूटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीच्या, टेबलावर ते दाखवून मान्य करून घ्यावं लागतं. मिस्त्रींकडं दोन जण घरच्या गाडीसाठी विचारायला आले होते. त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

जून

पाऊस लागल्यावर तिसरी चाचणी पन्हाळ्याच्या बाजूला लाल मातीत घेतली. ती माती ओली झाली की कशालाही चिकटते, चाक जाडजूड होतं, बुटाला किलोभर चिखल लागतो. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. भाच्यानं मुद्दाम उजव्या वळणांचा एक वेडावाकडा ट्रॅक निवडला. नऊ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला मिस्त्री डिस्कजवळ उलटा हात धरून बघायचे. कोमट. पुन्हा कोमट.

दहाव्या फेरीला तो एका खड्ड्यात आडवा झाला. गाडी डाव्या हँडलवर पडली, वायरचं कव्हर पकडीजवळ चिमटलं. त्यानं गाडी उभी केली, क्लच सोडला, इंजिन बंद पडलं. मागचं चाक जाम. आम्ही वरच्या बांधावरून बघत होतो. मिस्त्री खाली धावायला निघाले आणि मधेच थांबले. भाच्यानं खाली बघितलं, उजवा बूट चिखलातून उपसला, नाक पेडलखाली घातलं आणि वर उचकलं. तोच घोटा. आम्हाला आवाज आला नाही, पाऊस होता. पण मागचं चाक अर्धा फूट पुढं आलं ते दिसलं. त्यानं किक मारली, गाडी चालू केली आणि उरलेली फेरी पायाच्या ब्रेकवर पूर्ण करून तो बांधाखाली येऊन उभा राहिला.

मिस्त्रींनी आधी त्याच्या घोट्याला हात लावला, मग डिस्कला. नंतर कडीतून पिनचे तीन तुकडे काढले, सदऱ्याला पुसले आणि काडेपेटीत ठेवले. "दुखलं का रं?"

"थोडं दुखलं मामा," भाचा म्हणाला. "पण सुटला."

काडेपेटी वर्कशॉपच्या कपाटात आहे. पूर्ण विवरणपत्राच्या ड्रॉइंगवर मी सध्या काम करतोय. खाचेची लांबी 14 मिमी ठेवायची की 16, यावर मिस्त्रींचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. ते म्हणतात 16, पेडल झिजलं तरी मोकळं राहील. मी म्हणतो 14, चिखल कमी बसेल. येत्या रविवारी दोन्ही कड्या घेऊन रानात जाणार आहोत.